काचेवरचे कुंकू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हणजे फक्त पाच वर्षांचा, पण आमच्या जातीत पाच वर्षांतच म्हातारपण येते. वारंगा फाट्यावर रतनसिंग राठोड यांचे बॅटरीचे दुकान आहे. त्या दुकानाच्या शटरवर, पत्र्याच्या आडोशाला मी लटकलेला असतो. तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलात तर वर बघा. धुळीने मळलेला, एका बाजूने तडकलेला, तो मीच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. पांढरा उजेड आठवतो आणि हातमोजे घातलेली बोटे आठवतात. मग खोका, अंधार, पुन्हा खोका, आणि शेवटी नांदेडहून रतनसिंगच्या मोटारसायकलवर, त्याच्या आणि टाकीच्या मधे दाबून, मी फाट्यावर आलो. फाट्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या बॅटऱ्या तेव्हा वरचेवर चोरीला जात होत्या. चोर सापडत नव्हते आणि दुकानदार एकमेकांकडे संशयाने बघत होते. म्हणून मला आणले.

मला डोळा आहे, तसा कान आहे आणि बोलायला एक लहानसा कर्णाही आहे. ज्याच्या मोबाइलवर मी जोडलेला असतो तो घरबसल्या माझ्यातून बघू शकतो, ऐकू शकतो आणि बोलूही शकतो. रतनसिंगची बायको जिवनबाई फाट्यापासून दोन कोसांवरच्या तांड्यात राहते. तिला हे कळले आणि तिच्या जिवाला एक नवा चाळा लागला. दुपारी एक वाजला की माझ्यातून तिचा आवाज यायचा, "जेवलात का वो?" रतनसिंग गिऱ्हाइकासमोर लाजायचा. तो डबा उघडून माझ्यासमोर धरायचा, आणि मग ती सांगायची की भाकरीखाली ठेचा आहे, तो राहू देऊ नका. चोर पकडायला आणलेल्या मला हे काम कमीपणाचे वाटायचे. आज सांगतो, माझ्या साऱ्या नोकरीतले तेच सगळ्यात चांगले काम होते.

चोरही पकडले, मित्रांनो. दुसऱ्या वर्षी भर दुपारी दोघे जण बॅटरी बघायच्या निमित्ताने शटरपाशी आले. रतनसिंग पाठमोरा होताच एकाने तिथलीच टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब, उचलली आणि त्याच्या तोंडावर घातली. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज लहान असतो, सुपारी फुटल्यासारखा. रतनसिंग पडला तरी ते थांबले नाहीत. त्याच्या बरगड्यांवर लाथा बसत होत्या आणि मी वरून बघत होतो. जाताना एकाने मला पाहिले आणि दगड मारला. तो तडा तेव्हाचा. पण तोवर दोघांची तोंडे मी स्वच्छ टिपली होती. आठ दिवसांत दोघेही गजाआड गेले.

त्यानंतर माझा केवढा मान वाढला. फाट्यावरचे दुकानदार येऊन माझ्याकडे बोट दाखवायचे. रतनसिंगचा भाचा ओमप्रकाश, जो मामाच्या दुकानातच काम करायचा, तो तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की माणूस खोटं बोलेल, कॅमेरा न्हाई बोलणार. मी फुगलो. खोटे कशाला बोलू, सारी अक्कल जणू माझ्यातच भरली आहे, असे मला वाटू लागले.

कौतुक मात्र फार टिकत नाही. दिवस गेले तशी माझ्या मागे पालीने घर केले, पुढे कोळ्याने जाळे विणले. मला पुसायचे असते हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. फक्त जळबाच्या राहिले.

जळबा हा पन्नाशीचा माणूस. फाट्यावर पंक्चर काढायचा. एका जॅकखाली पाय चेमटला आणि तेव्हापासून तो उजवीकडे झुकून चालतो. पुढे तो रतनसिंगच्या दुकानातच बॅटऱ्या उचलायचा, चार्जिंगला लावायचा, शटरजवळच झोपायचा. जिवनबाई रतनसिंगच्या डब्यात त्याची भाकर घालायची, आणि "जेवलात का" हा प्रश्न मग दोघांना व्हायचा. जळबा वर बघून हात जोडायचा आणि म्हणायचा, "व्हय वैनी." महिन्या दोन महिन्यांनी तो स्टुलावर चढून आपल्या गमछ्याने मला पुसायचाही.

आता दसऱ्याची गोष्ट सांगतो.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्हाला माहीत आहेच. ज्याच्यावर पोट चालते ते हत्यार. त्या सकाळी जिवनबाई स्वतः दुकानात आली. तिने चार्जर, पाने, टॉमी, सगळ्यांना हळदीकुंकू लावले. एक कोरी बॅटरी पाटावर ठेवून तिला झेंडूचा हार घातला. मग तिची नजर माझ्याकडे गेली. ज्याने नवऱ्याचे वैरी पकडून दिले त्याला कसे विसरायचे? ती स्टुलावर चढली आणि थबकली.

"ह्याला कपाळ कुठं हाय?" तिने विचारले.

रतनसिंग हसून म्हणाला की त्याला कपाळ नाही, नुसता डोळाच आहे. मग तिने तेलात कालवलेले कुंकू अंगठ्यावर घेतले आणि माझ्या डोळ्याच्या काचेवर चांगले दाबून लावले. तिच्या मनात माया होती. माझे जग मात्र लाल झाले.

ओमप्रकाशने मोबाइल बघून मामीला लगेच सांगितले की कॅमेऱ्यात नुसते लाल धुके दिसते आहे. ती म्हणाली, पूजेचे कुंकू त्याच दिवशी पुसत नाहीत, उद्या सकाळी पुसू. एका दिवसाने काय होते? हेच सगळ्यांना वाटले. मलाही वाटले.

दुपारी रतनसिंग आणि जिवनबाई जेवायला तांड्यात गेले. ओमप्रकाश दोस्तांबरोबर फाट्यावर हिंडायला गेला. आदल्या रात्री पुन्हा एका ट्रकची बॅटरी गेली होती. आठवड्यातली तिसरी. ड्रायव्हर लोक चिडले होते, आणि सणामुळे बरेच जण प्यायलेही होते. दुकानात जळबा एकटा होता.

दोनच्या सुमाराला जवळच्या गावचा संतराम घाईने आला. त्याचा ट्रॅक्टर कळमनुरीच्या रस्त्यावर बंद पडला होता. रानात सोयाबीन कापून पडले होते, आभाळ भरून आले होते आणि मळणी यंत्र ट्रॅक्टरवाचून फिरत नव्हते. त्याला लागेल तशी भरलेली बॅटरी दुकानात एकच होती, पाटावरची. जळबाने रतनसिंगला फोन लावून बघितला, तो लागला नाही. एवढ्यात माझ्यातून जिवनबाईचा आवाज आला. तिला चित्र दिसत नव्हते, पण बोलणे ऐकू आले होते.

"द्या, जळबाभाऊ. लेकरावानी सांभाळलेलं पीक भिजून जाईन त्याचं."

"वैनी, पूजेची हाय ही."

"पूजेची हाय म्हणूनच द्या. मी सांगते यांना."

जळबाने हार काढून पाटावर ठेवला, बॅटरीला हात लावून नमस्कार केला, ती खांद्यावर घेतली आणि झुकत झुकत संतरामच्या मागे गेला. बॅटरी बसली, ट्रॅक्टर सुरू झाला आणि संतराम रानाकडे पळाला. तिकडे जिवनबाईने मोबाइल चार्जिंगला लावला आणि पंगत वाढायला गेली. घरात एवढी माणसे जेवायला, नवऱ्याला सांगायचे तिच्या मनातून निसटले.

जळबा परत यायच्या आत ओमप्रकाश दुकानात आला होता. पाट रिकामा. हार पाटावरून जमिनीकडे लोंबलेला. पूजेची बॅटरी गेली, म्हणजे नुसती चोरी नाही, घरावर हात टाकला, असे त्याला वाटले. त्याने मोबाइलवर माझे चित्र मागे नेऊन पाहिले. लाल धुक्यात एक माणूस खांद्यावर काळा ठोकळा घेऊन उजवीकडे झुकत चालला होता. तेवढे त्याला पुरले. मोबाइलचा आवाज त्याने कधीचाच बंद केला होता, कारण त्यातूनही येणाऱ्या मामीच्या "जेवलास का" चा त्याला कंटाळा यायचा. त्याने ते चित्र दोस्तांना दाखवले, दोस्तांनी ड्रायव्हरांना, आणि पाच मिनिटांत तीस माणसे गोळा झाली.

जळबा गमछ्याने खांदा पुसत समोरून आला. त्याला काहीच माहीत नव्हते.

पहिली थप्पड ओमप्रकाशचीच होती. जळबा पडला. बाकीचे तुटून पडले. किती दिवसांचा राग होता तो, कोणाकोणाचा, आणि सगळा एका लंगड्या माणसावर उतरत होता. कोणी लाथा घातल्या, कोणी पाना मारला. एकाने कमरेचा पट्टा काढला. जळबा एकच सांगत होता, "वैनीनं सांगितलं. यातून बोलल्या वैनी." आणि माझ्याकडे बोट करत होता. लोक हसले. कॅमेरा बोलला म्हणतो, असे एक जण म्हणाला, आणि त्यांनी ते बोट पिरगाळून मोडले.

मित्रांनो, इथे मला थांबून सांगायलाच हवे. ओमप्रकाश हसला नाही. मी बोलतो हे त्याला माहीत होते. तो क्षणभर थबकला, त्याने हातातल्या मोबाइलकडे पाहिले. बाजूचे एक बटण दाबले असते तर सारे कळले असते. पण तीस माणसांना त्यानेच सांगितले होते की कॅमेऱ्यात दिसतंय. आता मागे फिरणे त्याला लाजेचे वाटले. त्याने मोबाइल खिशात घातला आणि पाटाशेजारची टॉमी उचलली. सकाळीच कुंकू लावलेली.

मी काय पाहिले म्हणून विचाराल तर मी नुसत्या सावल्या पाहिल्या; बाकीचे सारे नंतर दुकानातल्या बोलण्यातून कळले. मला सगळेच लाल होते. कुंकू कुठले आणि रक्त कुठले, ते मला कळत नव्हते. मी ऐकत होतो. पट्ट्याचे बक्कल जळबाच्या तोंडावर बसले आणि तो ओरडला ते ऐकले. माणूस असे ओरडतो हे मला ठाऊक नव्हते. मग त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि मारणाऱ्यांचा वाढत गेला. माझ्या पोटात सारे खरे जसेच्या तसे होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

तेवढ्यात तांड्यात जिवनबाईचे वाढप उरकले. जळबाचा डबा सकाळी तिने दुकानातच ठेवला होता. सणाचे जेवण त्याने खाल्ले की नाही, एवढेच विचारायला तिने मोबाइल उचलला.

तिला लाल दिसले आणि ते आवाज ऐकू आले. मग माझ्या कर्ण्यातून ती बोलली. घरात ती गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलते. तेव्हा मात्र मराठीत बोलली, सगळ्यांना कळावे म्हणून.

"ओमप्रकाश, हात खाली घे. बॅटरी म्या द्यायला लावली."

तीस माणसांनी माना वर केल्या. ती तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली, संतरामचे नाव घेऊन, गावाचे नाव घेऊन, आवाज फाटेपर्यंत. टॉमी खाली पडल्याचा आवाज मला आला. मग पावलांचा. ज्या वेगाने माणसे जमली होती त्याच्या दुप्पट वेगाने पांगली. जळबापाशी कोणीही थांबले नाही.

नांदेडच्या दवाखान्यात त्याचे प्राण वाचले. तीन बरगड्या आणि एक बोट जुळले. उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी पोलीस माझ्या पोटातले, सारे साठवलेले कार्ड न्यायला येणार होते. त्याआधी ओमप्रकाशची आई, म्हणजे रतनसिंगची थोरली बहीण, दुकानात आली आणि जिवनबाईच्या पायाशी बसली. चित्रात तर काही दिसतच नाही, मग तो आवाज तेवढा पुसून टाक, पोरगं माझं एकुलतं हाय, असे ती रडत म्हणत होती. रतनसिंग खाली मान घालून उभा होता. जिवनबाई बराच वेळ नणंदेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आक्का, त्याचा डोळा गेला म्या लावलेल्या कुंकवानं. आता कान बी म्याच बंद करू का?"

तिने कार्ड स्वतःच्या हाताने पोलिसांना दिले. ओमप्रकाश आणि आणखी सहा जण आवाजावरून ओळखले गेले. ती नणंद अजून तिच्या घरी येत नाही. तांड्यातही काही जण जिवनबाईशी बोलत नाहीत. नवे कार्ड घातल्यावर तिने आधी माझी काच पुसली. पुसताना ती रडत होती, हे मला अगदी जवळून दिसले.

दोन महिन्यांनी जळबा परत आला. पहिले काही दिवस तो माझ्याकडे बघायचाच नाही. माझ्यातून "जेवलात का, जळबाभाऊ" ऐकू आले तरी तो मान खाली घालूनच हो म्हणायचा. मला ते लागायचे, पण त्याचे चुकत नव्हते. यंदाच्या दसऱ्याला जिवनबाईने मला कुंकू लावले नाही. ती ताट घेऊन नुसती उभी राहिली. तेव्हा जळबाच उठला, स्टुलावर चढला, माझ्या मागच्या भिंतीवर एक टिळा लावला आणि गमछ्याने माझी काच पुसली. आता तो ती रोज सकाळी पुसतो.

मित्रांनो, मला हार नको आणि टिळाही नको. रोज एक फडके फिरवा, एवढे पुरे. आणि माझ्यात कोणी दिसला म्हणून लगेच हात उगारू नका. आधी आवाज ऐका, मग त्या माणसाला विचारा. मी डोळा आहे, न्याय करणारा नाही.

पुसताना जळबाचा चेहरा माझ्या अगदी समोर येतो. त्याचा उजवा डोळा पांढरा झाला आहे. त्या पांढऱ्या डोळ्यात मी मला दिसतो. त्याला मात्र त्या डोळ्याने मी दिसत नाही.