धाकटीचे कान

थोरली जाऊ वॉर्डची इनचार्ज सिस्टर, तर धाकटी तिच्याच हाताखाली नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी दोघींनी इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास एकदमच लावला. लिहिण्या-वाचण्यात थोरली पुढे होती. पण ऐकण्याच्या चाचणीत दर वेळी धाकटी बाजी मारायची आणि थोरलीचा तिळपापड व्हायचा.

रेकॉर्डिंग एकदाच वाजायचं. थोरली जिवाच्या आकांतानं शब्द न् शब्द उतरवायची; तिचं पहिलं वाक्य पुरं होईतो बोलणारा कुठच्या कुठे गेलेला असायचा. शेजारी धाकटीच्या कागदावर मोजके अर्धवट शब्द, एखादा बाण, एखादी फुली. आणि तेवढ्यावर उत्तरं बरोबर! घरी सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचे कान भारी तिखट," आणि थोरली भरल्या ताटावरून उठली.

पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावताना तिनं धाकटीला नेमकी क्लासच्या वेळेची पाळी दिली.

धाकटी तिच्या टेबलापाशी आली. "ताई, मुद्दाम ना?"

"वॉर्डात माणसं कमी आहेत."

"बरं," म्हणून धाकटी निघून गेली. भांडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात थोरली एकटीच क्लासला गेली. शेजारची खुर्ची रिकामी, तरी निम्मी उत्तरं चुकलीच. घरी येऊन ती धाकटीवर तणतणली, "काही लिहीत नाहीस, तरी तुला कळतं कसं गं?"

"पाळी बदलताना तुम्ही पेशंटची माहिती कशी घेता?" धाकटी म्हणाली. "ताप, नि वर जाणारा बाण. जेवण, नि फुली. आधी नीट ऐकता, मग खूण करता. तुमचं बघूनच शिकले मी. क्लासात मात्र तुम्ही टायपिस्ट बनता!"

थोरलीला हसू आलं आणि रागही. तिचंच तिला शिकवत होती ही! तरी तिनं पाळी बदलून दिली. मग रोज संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात इंग्रजी बातम्या लावून बसू लागल्या. आधी पेन खाली ठेवून ऐकायचं, काय कळलं ते एकमेकींना सांगायचं, मग पुन्हा लावून खुणा करायच्या.

निकाल लागला. दोघी पास. ऐकण्यात धाकटीला अर्धा गुण जास्त.

"अर्ध्या गुणानं काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही," म्हणत थोरलीनं धाकटीला जवळ घेतलं. मग बाल्कनीत जाऊन, आवाज बारीक करून, तिनं क्लासच्या सरांना फोन लावला: पास झालेल्यांना परत परीक्षेला बसता येतं का?