लिंबू, खिडकी, घोडा, दोरी, चमचा

माझ्या भावाला हात बांधून घ्यायला मीच लागते. बॉक्सिंगच्या बत्तीस लढती झाल्या, बत्तीस वेळा मीच बांधले. दवाखान्यात वीस वर्षं ड्रेसिंग केलेली बाई मी. पट्टी कुठे घट्ट हवी आणि कुठे सैल, हे मला कुणी शिकवायला नको. "बाईमाणूस कशाला इथे?" असं मॅनेजर पहिल्या दिवशी म्हणाला होता. आता तोच माझ्यासाठी खुर्ची पुसतो.

लोक भावाला 'घण' म्हणतात. न्हाव्याकडे पोरं 'घण कट' मागतात, दुधाच्या पिशवीवर त्याचा फोटो असतो, तो शिंकला तरी टाळ्या पडतात. चेष्टेखोर म्हणून तर तो जास्तच लाडका. एकदा वजनाच्या वेळी त्याने टकल्या प्रतिस्पर्ध्याला सगळ्यांदेखत कंगवा भेट दिला होता. मीही पोट धरून हसले होते. हल्ली मला त्या हसण्याचीच धास्ती वाटते.

मागच्या महिन्यात माझ्याकडे जेवायला येताना तो एक मजला जास्त चढला आणि वरच्यांच्या घरात जाऊन थेट पाटावर बसला. त्यांना तर आकाश ठेंगणं झालं. त्यांनी आग्रहाने वाढलं, फोटो काढले, शेजाऱ्यांना बोलावलं. मी खाली ताटं मांडून बसले होते आणि वरून हसण्याचा आवाज येत होता.

याची सुरुवात मला दोन वर्षांपूर्वीच दिसली होती. लढतीआधी डॉक्टर तपासतात. एका पायावर उभं करतात, डोळ्यांत बॅटरी मारतात आणि पाच शब्द सांगतात. मग इकडचं तिकडचं बोलून तेच शब्द परत विचारतात. आमचे म्हातारे डॉक्टर वर्षानुवर्षं एकच कागद वापरत: लिंबू, खिडकी, घोडा, दोरी, चमचा. त्या दिवशी भाऊ घोड्यापाशी अडला आणि डॉक्टरांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघू लागला. मी आवाज न करता ओठ हलवले. लहानपणी बाप त्याला पाढे म्हणायला उभं करायचा, चुकला की पट्टा काढायचा. तेव्हाही मी बापाच्या पाठीमागून असेच ओठ हलवायचे. पुढे मी ते पाच शब्द त्याच्याकडून पाठच करून घेतले. वाटलं, पोराचं नाव राखलं. अक्कल गहाण ठेवली होती मी, दुसरं काय!

आज म्हातारे डॉक्टर नव्हते. नवी डॉक्टर आली, तरुण, स्वतःचा कागद घेऊन.

"बादली, टोपी, कावळा, खुर्ची, मीठ," तिने वाचलं. मग झोप कशी लागते, डोकं दुखतं का, असं विचारत राहिली. "हं, आता सांगा बघू ते शब्द."

"लिंबू, खिडकी, घोडा, दोरी, चमचा!" भाऊ छाती काढून म्हणाला.

मग मॅनेजर खो खो हसत सुटला. "घ्या! हा डॉक्टरांनाही सोडत नाही!" त्याच्यामागोमाग सगळे हसले. डॉक्टरही लाजून हसली, "आमच्या घरी सगळे तुमचे चाहते आहेत," म्हणाली आणि तिने सही केली. भाऊही हसत होता. लोक कशाला हसताहेत हे त्याला कळलेलं नव्हतं, आणि ते फक्त मला दिसलं.

आजचा समोरचा पोरगा तेवीस वर्षांचा आहे. त्याने मागच्या लढतीत ज्याला पाडलं, तो अजून आईला ओळखत नाही.

मी डावा हात बांधला. बाहेर "घण! घण!" असा गजर चालला होता आणि भिंतीवरची ट्यूबलाइट थरथरत होती.

"ताई, आज एवढी गर्दी कशाला गं?"

"तुझी लढत आहे, राजा."

"हो की." जरा वेळाने तो पुन्हा म्हणाला, "ताई, गर्दी कशाला गं एवढी?"

मी पट्टी खाली ठेवली. "उजवा हात मी बांधणार नाही. डॉक्टरांना बोलवा."

"ताई, ही काय वेळ आहे?" मॅनेजर ओरडला. "बाहेर वीस हजार माणूस ताटकळलंय!"

"ताटकळू दे. ती चेष्टा नव्हती. ते जुन्या डॉक्टरांचे शब्द होते, मीच त्याला पाठ करायला लावले होते."

डॉक्टर आली. सगळं ऐकून तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे पाठ करून भावासमोर बसली. "मी नवीन शब्द देते. आता गंमत नको. चुकलं तर लढत रद्द. पेला, जिना, बेडूक, कात्री, ऊन."

ती त्याच्या सरावाबद्दल बोलली, बुटांबद्दल बोलली. मग तिने शब्द विचारले.

"पेला," भाऊ म्हणाला. "जिना..." आणि थांबला. त्याने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो बत्तीस लढती जिंकलेला माणूस नव्हता. बापासमोर पाढा अडलेला माझा धाकटा होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले, शपथेवर सांगते.

"बेडूक," तो म्हणाला. "कात्री. ऊन."

माझे ओठ हलले होते. त्याचे शब्द संपले तेव्हा मला कळलं.

"पाचही बरोबर," डॉक्टरने सुस्कारा सोडला. मॅनेजरने पट्टी उचलून माझ्या हातात कोंबली. "झालं समाधान?"

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भावाचा चेहरा पट्टा चुकवल्यासारखा उजळला होता, आणि तो मला विझवता येईना. डॉक्टर निघून गेली. त्याने उजवा हात पुढे केला.

मी बांधला. घट्ट तिथे घट्ट, सैल तिथे सैल. सामन्याच्या अधिकाऱ्याने तपासून पट्टीवर सही केली, ग्लोव्ह्ज चढवले, दार उघडलं. गजर अंगावर आला. भाऊ दारात थांबला आणि मागे वळला.

"ताई, मला दिसशील अशी उभी राहा हं."

"राहते," मी म्हणाले.