रडणारी बाहुली आणि रोटाचं पीठ

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या चाळीत कापडाचे लूम चालवणारी माणसं रविवारी दुपारपर्यंत ढाराढूर झोपतात. पण त्या रविवारी सगळी चाळ बोळात गोळा झाली होती, कारण चंचलच्या उंबऱ्यावर कणकेची बाहुली रडत होती.

खरंच रडत होती. वीतभर बाहुली, पण कपाळावर, गालांवर पाण्याचे थेंब फुटलेले. सकाळी भगताने चार उंबऱ्यांवर अशा बाहुल्या मांडल्या होत्या. शेजारच्या तीन मात्र कोरड्या ठणठणीत.

"माता कुणाचं नाव घेत नाही," धुडकू भगत डोळे मिटून म्हणाला. "माता फक्त रडते. जिच्या दारात रडली, तिथं डाकीण. आपण कोण सांगणारे? आपण मातेचे पोस्टमन."

पोस्टमनने टपाल कुठं टाकायचं ते आधीच ठरवलंय, याबद्दल सुषमाला तिळमात्र शंका नव्हती. ती चाळीच्या टोकाला बालवाडी चालवायची, आणि तो चाळीत आल्या दिवसापासून या बुवाला पाहत होती. घरोघर चहा ढोसत त्याने एकच चौकशी केली होती : कुणाचं कुणाशी पटत नाही? चाळीतल्या लोटूच्या लहानगीचा ताप हटत नव्हता, म्हणून त्याला बोलावलेलं. लोटूची आई शोभाबाई आणि चंचल यांचं नळावर वाजलेलं. चंचल विधवा, मागे माहेरचं कुणी नाही. झालं, डाकीण तयार.

"दिवेलागणीच्या आत हिचे केस कापा अन् गाडीत बसवून द्या," भगताने फर्मावलं. "नाहीतर पोर हातची जाईल."

शेजारचा चिंधा कात्री घेऊन आलासुद्धा. चंचल चौकट धरून उभी होती.

सुषमाची नजर बाहुलीवरून हटेना. असले थेंब तिने बालवाडीच्या फळीवर पाहिले होते. बाहुली चाखली की सोक्षमोक्ष लागला असता. पण भगत वस्ताद. बाहुल्या त्याने शोभाबाईच्या घरच्या कानबाई देवीच्या रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या पिठाच्या केल्या होत्या, आणि रोटाला भाऊबंदांबाहेरचं कुणी तोंड लावत नाही. खानदेशी माणूस सुरतेत आला म्हणून ते मोडत नाही.

"भगतबाबा," ती पुढे झाली, "ही बाहुली पुसून दुसऱ्या उंबऱ्यावर ठेवू या. माता खरी तर तिथं रडणार नाही."

"मातेची परीक्षा घेतेस? जीभ झडेल."

"माझी झडेल ना? झडू द्या."

गर्दी कुजबुजली. शोभाबाईच पदर खोचून पुढे आली. "ठेव मना उंबऱ्यावर. मना घरमा देव शे, माले काय भेव?"

भगताला नाही म्हणता येईना. बाहुली पुसून तिच्या दारात ठेवली. श्रावणातली दमट दुपार, वारा पडलेला, अंगावरचे कपडे चिकटलेले. कुणी घरी गेलं नाही. चिंधाच्या हातात कात्री तशीच होती. भगत मोठ्याने मंत्र म्हणू लागला, मग हळू, मग नुसतेच ओठ हलू लागले.

बाहुलीचं कपाळ चमकलं. मग गालावर एक थेंब फुटला.

गर्दी शोभाबाईपासून मागे सरली. मघाशी चंचलवर रोखलेले तेच डोळे आता तिच्यावर होते. चिंधाने कात्री या हातातून त्या हातात घेतली, आणि शोभाबाई मागे सरकत चौकटीला टेकली.

"मी नही, माय," ती म्हणाली. "मी कसाले मनी नातले खासू?"

"तुम्ही नाही आणि चंचलही नाही," सुषमा म्हणाली. "पीठ तुमच्या घरचं. तुम्हाला चालतं. जरा जिभेला लावून बघा."

शोभाबाईने बोट बाहुलीवर फिरवून जिभेला लावलं आणि थूथू केलं.

"हाई खारं शे. मी ते कोरं पीठ दिधं व्हतं."

भगताची झोळी उपडी करायला मग कुणाला सांगावं लागलं नाही. डब्यातल्या कोरड्या तांदळात पुरलेली तशीच एक बाहुली निघाली; शोभाबाईने चाखली, तीही खारट. सुषमाने ती हातात घेतली. "मैदा अन् मीठ मळून आम्ही पोरांसोबत खेळणी करतो. उन्हाळ्यात कडक वाळतात. श्रावण लागला की मीठ हवेतलं पाणी ओढतं. परवा आमच्या हत्तीची सोंडच गळून पडली. तांदळात ठेवलं की कोरडं राहतं, उंबऱ्यावर ठेवलं की घाम फुटतो. तीन बाहुल्या साध्या कणकेच्या, एक मिठाची. मिठाची कुणाच्या दारात ठेवायची, ते याने ठरवलं. आता पोरीला दवाखान्यात न्या, रक्त तपासा. दिवस फुकट गेले."

लोटूने पोरीला उचललं. भगताला बाकीच्यांनी धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत. शोभाबाई चंचलच्या दाराशी गेली, पण दार आतून लागलं होतं. तिने हाका मारल्या. ते उघडलं नाही.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे त्या चाळीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. तरी एका बाईचे केस जाता जाता राहिले. तेव्हा मंडळी, दुसऱ्याच्या दारात चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी तो आपल्या दारात ठेवून पाहा.