रुमालातलं विरजण

जून महिन्यात कुवेतमध्ये गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं. गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते. आम्ही अंघोळीचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून एसीच्या खोलीत निवायला ठेवतो. एवढी साधी गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्या पाण्यावर अवलंबून होतं.

१९९९ च्या जूनमधला शुक्रवार. आदल्या दिवशी माझ्या सासूबाई, रादका, बल्गेरियाहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी त्या आल्या नव्हत्या, कारण त्यांच्याकडे मेंढ्या होत्या आणि मेंढ्या सोडून कुणी तीन महिने परगावी राहत नाही. मागच्या हिवाळ्याआधी त्यांनी मेंढ्या विकल्या, रोदोपी डोंगरातलं घरही विकलं, आणि त्या थोरल्या मुलाच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या.

माझा नवरा स्तोयान मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनिअर. त्या आठवड्यात तिथे दुरुस्तीसाठी शटडाऊन होतं. आईला विमानतळावरून आणून तो लगेच कामावर परतला. घरी उरलो मी, सासूबाई आणि सहा वर्षांची लीला. मला बल्गेरियनचे मोजून तीस-चाळीस शब्द येत. सासूबाईंना बल्गेरियनखेरीज काही येत नव्हतं. लीला बापाशी बल्गेरियन बोलायची, माझं मराठी ऐकायची आणि मला उत्तर इंग्रजीत द्यायची. आजीला ती 'बाबा' म्हणे, त्यांच्याकडे आजीला तसंच म्हणतात. खालच्या मजल्यावरची बिल्कीस ते ऐकून आमच्या दारातच हसत सुटली होती.

त्या सकाळी बाहेर तोज होता. वाळूचं वादळ म्हणावं तर वारा नव्हता. बारीक वाळू हवेत नुसती थांबून राहिली होती. समोरच्या इमारती विरघळल्यासारख्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि खिडक्यांतून नारिंगी उजेड येत होता. सकाळ आहे की संध्याकाळ, घड्याळात पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.

सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. त्यांचं अंथरूण आवरताना उशीखाली एक रुमाल दिसला. पांढरा सुती, कडेला लाल टीप, मधला भाग पिवळट आणि पुठ्ठ्यासारखा कडक. मी जाब्रियातल्या एका हॉस्पिटलमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. कडक झालेलं पिवळट कापड दिसलं की मी फार विचार करत नाही. म्हाताऱ्या बाईला दाखवायला लाज वाटत असेल, असं म्हणून तो बेसिनमध्ये नेला, नळाखाली धरला, साबण लावून दोन्ही हातांनी चोळला. डेटॉलच्या बाटलीचं झाकण काढत होते, तेवढ्यात मागून आवाज आला. सासूबाई ओरडल्या नव्हत्या. अंधारात पायरी चुकली की तोंडातून निघतो तसा तो आवाज होता.

"लीला, बाबा काय म्हणते?"

लीला आजीकडे बघत म्हणाली, "इट इज नॉट डर्टी, आई. इट इज द योगर्ट."

मग तुकड्या-तुकड्याने सगळं कळलं. मेंढ्या विकायच्या आदल्या दिवशी शेवटची धार काढून सासूबाईंनी आपल्या आईकडून आलेल्या विरजणाने शेवटचं दही लावलं होतं. त्यात रुमाल बुडवला आणि सावलीत वाळवला. त्यांच्या गावची जुनी रीत ती. मुलगी परगावी दिली की विरजण असंच बरोबर द्यायचं. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो रुमाल त्यांनी उघडलासुद्धा नाही. तिथे सगळे दुकानातलं दही खात. नातीच्या घरी जाऊन, नातीसमोर लावायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दुसरा रुमाल नव्हता. गावातल्या घरात आता दुसरेच लोक राहत होते. हे विरजण मेलं तर ते दही आता कुठेच नव्हतं.

माफीचा बल्गेरियन शब्द मला येत होता. तो म्हटला. सासूबाईंनी ओला रुमाल माझ्या हातातून घेतला, नाकाशी धरला आणि खुर्चीवर बसल्या. साबणाचा वास मलाही येत होता.

मी नळाखाली थर्मामीटर धरला. शेहेचाळीस अंश. डेटॉल पडलं नव्हतं. साबणाने खूपसं गेलं असणार, पण हे जिवाणू असल्या उष्णतेत मरत नाहीत, वाढतातच. रुमालाची किनार दुमडून दोनदा शिवलेली होती. त्या घड्यांच्या आत पाणी शिरलं असेल, साबण तितका शिरला नसेल. शक्यता होती. किती होती, ते मला सांगता आलं नसतं.

"लीला, बाबाला सांग, किनार कापून दुधात टाकू या. दूध थोडंच घेऊ. आणि म्हणावं, खात्री नाही."

लीलाने सांगितलं. शेवटचं वाक्य तिने सांगितलं की गाळलं, मला कळलं नाही. सासूबाईंनी मात्र कात्री मागितली.

दूध उकळून निवत ठेवलं. मी थर्मामीटर घालून उभी, सासूबाई करंगळी बुडवून. बेचाळीसपर्यंत थांबायचं, असं मी मनात धरलं होतं. त्यांनी तीनदा करंगळी बुडवली, तीनदा मान नाही म्हणाली. चौथ्या वेळी त्या थांबल्या. मी काच पुसून पाहिलं. त्रेचाळीस. किनारीचे चार तुकडे काचेच्या बरणीत सोडले. सासूबाईंनी बरणीला काहीतरी लोकरीचं गुंडाळायला मागितलं. जूनमध्ये, कुवेतमध्ये. शेवटी कपाटाच्या तळातून स्तोयानचा स्वेटर काढला आणि स्वयंपाकघरातला एसी बंद केला.

दारावर बिल्कीस आली. ती मूळची दाभोळची, मी चिपळूणची. हातात शेपूच्या दोन जुड्या.

"तुझी सासू काल खुणांनी शेपू मागत होती ना? आमच्या हमीदने आणली बघ. आणि तोंड का असं गो तुझं? पहिल्याच दिवशी भांडलात?"

"भांडायला भाषा लागते."

"माझी नि माझ्या सासूची भाषा एकच होती. म्हणून सांगते, नसलेलीच बरी."

मी तिला काय झालं ते सांगितलं.

"एवढंच? दोन मिरच्यांची देठं टाक की दुधात. विरजण संपलं की आम्ही तेच करतो. लॅबवाली ना तू?"

"दही लागेल गं. पण ते मिरचीचं. यांचं नाही."

बिल्कीसने सासूबाईंकडे पाहिलं. त्या बरणीला स्वेटरच्या बाह्यांची गाठ मारत होत्या. बिल्कीस थट्टा करायची थांबली.

फ्रिजमधली माझ्या विरजणाची वाटी मी तिच्या हातात दिली. "ही आजच्या दिवस तुझ्याकडे ठेव. त्यातलं काही यांच्या बरणीत मिसळायला नको."

"माझ्या घरात? बाटेल गो तुझं दही!"

"बाटू दे. चमचाही घेऊन जा."

ती जिन्यावरून हसत खाली गेली, पण आमचं दार तिने अगदी हळू लावलं.

मग काही करायचं उरलं नाही. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवून लीलाला बजावलं. दार आपटायचं नाही, धावायचं नाही, बरणी हलवायची नाही. आमचं घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. बसून राहवेना म्हणून मी काकडी चोचवायला घेतली. हातात उभी धरून सुरीने टकटक घाव घालते आहे हे पाहून सासूबाई दचकल्या आणि सुरीकडे बोट दाखवून माझ्या पंजाकडे बघत राहिल्या. त्या स्वतः काकडीचे लांबट तुकडे करत होत्या. त्यांना दह्यात काकडी, लसूण, अक्रोड आणि शेपू घालून गार सार करायचं होतं. आम्ही शेपूची भाजी परतून खातो, हे लीलाने सांगितल्यावर त्यांनी जुडीकडे नव्याने पाहिलं.

कापून झालं तेव्हा साडेबारा वाजले होते. बंद स्वयंपाकघरात घाम मानेवरून उतरत होता. आम्ही तिघी फरशीवर, टेबलाला टेकून बसलो. सासूबाई हलक्या आवाजात लीलाला काही सांगू लागल्या आणि लीला मला.

"शी हॅड फॉर्टी-वन शीप. वन वॉज ब्लाइंड. इट वॉक्ड इन द मिडल, सो द अदर्स वुड टेक इट."

थोड्या वेळाने लीलाचे शब्द विरळ झाले. मग ती माझ्या मांडीवर झोपली. सासूबाई बोलत राहिल्या. आता अर्थ कळत नव्हता, नुसते आवाज येत होते. त्यात एकामागून एक मेंढ्यांची नावं असावीत, कारण प्रत्येक नावानंतर त्या थोड्या थांबत. नारिंगी उजेड फरशीवरून बरणीपर्यंत पोचला होता. मला वाटलं, बाहेर इमारती नाहीतच, उतार आहे, त्यावरून काहीतरी पांढरं हळूहळू खाली येतंय आणि त्यातलं एक दिसत नसूनही मधून चालतंय. मी जागी होते की नाही, सांगता येत नाही. एकदा डोळे उघडले तेव्हा सासूबाई गप्प होत्या आणि त्यांचा हात स्वेटरवर होता, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा.

चार वाजता त्यांनी गाठ सोडली. बरणी किंचित कलती केली. दूध अजून पातळच वाहिलं. त्यांनी पुन्हा गाठ मारली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सहा वाजता पुन्हा सोडली. या वेळी बरणी कलल्यावर आतलं सगळं एकत्र थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं.

लीला उड्या मारणार होती, पण स्वतःच आठवून चवड्यांवर थांबली. पण मला ते सांगणं भाग होतं.

"लीला, बाबाला नीट सांग. या ओट्यावर सात वर्षं माझं दही लागतंय. माझ्या हातांना, भांड्यांना ते असणारच. हे लागलंय ते रुमालातलं की माझं, मला ओळखता येणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखीच दिसतात."

लीलाने बराच वेळ घेऊन सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग चमचा उचलला, बरणीच्या कडेने एक पातळ काप काढला आणि तोंडात ठेवला. त्यांनी डोळे मिटले. खालच्या मजल्यावर बिल्कीसचा कुकर शिट्टी देत होता. त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग कपाळाला आठ्या घालून एकच शब्द म्हणाल्या.

"क्रावा."

तो मला माहीत होता. गाय.

"शी सेज इट इज थिन," लीला म्हणाली, "अँड इट इज द काऊज फॉल्ट."

सासूबाई पुढे बरंच बोलल्या. मेंढीचं दूध कसं दाट असतं, चमचा कसा उभा राहतो, गाय म्हणजे नुसतं पाणी. दोष सगळा गाईला गेला. विरजणाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. बरणीतलं थोडं बाजूला काढून उरलेल्याचं सार केलं, बिल्कीसला वाटीभर खाली पाठवलं. वाटी घासून परत आली, त्यात चार खजूर.

शनिवारी लॅबमध्ये त्या दह्याची एक काचपट्टी रंगवायला घेतली होती. भिंगाखाली ठेवली आणि डोळा लावण्याआधीच काढून धुवून टाकली.

सप्टेंबरात सासूबाई परत निघाल्या. जायच्या तीन दिवस आधी त्यांनी माझ्या कपाटातून दोन पांढरे रुमाल मागून घेतले, ताज्या दह्यात बुडवले आणि आतल्या खोलीत, एसीच्या वाऱ्यात, दोरीवर वाळत घातले. एक त्यांनी बरोबर नेला. दुसरा घडी करून माझ्या हातात ठेवला आणि लीलाकडे पाहून काही म्हणाल्या. लीला हसली, वहीचं पान फाडून तिने त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं आणि रुमालाला टाचणीने टोचलं. 'आई, डू नॉट वॉश.'

तो रुमाल अजून माझ्या साड्यांखाली आहे. टाचणी गंजली आहे.