आखूड तोंडाची कुट्टी

मी तोंडाची फटकळ आहे, मंचरात कुणालाही विचारा. कारखान्यात कुणी उगाच शहाणपणा केला की मी तिथल्या तिथे सुनावते. पण जिथे बोलायला पाहिजे होतं तिथे मी मूग गिळून बसले, आणि ते भोगलं दुसऱ्याच बाईने.

आमच्याकडे कडबाकुट्टी यंत्रं बनतात. पुढच्या तोंडातून वैरण घालायची, आतले रूळ ती ओढतात आणि पाती तिचे तुकडे करतात. त्या तोंडाला पत्र्याचा दोन हात लांब बोगदा असायचा. माणसाचा हात रुळापर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम.

आमचे मालक मांगीलालशेठ होते तोवर नवं मॉडेल म्हणजे शेठच्या मनात येईल ते. मागच्या वर्षी त्यांचा नातू अंकितशेठ पुण्याहून शिकून आला. म्हणाला, "नूतनताई, आता अंदाजाने माल बनवायचा नाही. गिऱ्हाईक काय म्हणतं ते आधी गोळा करायचं आणि त्यावरून मॉडेल ठरवायचं." त्यात वाईट काहीच नव्हतं. मी बिलांवरचे नंबर काढले आणि दोन महिने फोन केले. तीनशे बारा गिऱ्हाइकं. कुठे अडतं, काय बदलू, सगळं विचारून कॉम्प्युटरात भरलं.

दहातले सात जण एकच सांगायचे. "तेवढा बोगदा कमी करा राव. वैरण अडकती. लई टाईम खातंय."

आमचे फिटर गोरखभाऊ एकदा माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "नूतन, हे बोलणारे कोण? यंत्र घेणारे का वैरण घालणारे?"

"गिऱ्हाईक बोलतंय," मी फाडकन म्हणाले. "घालणाऱ्याचा रकाना नाही माझ्या फॉर्ममध्ये."

कपाळ माझं! यंत्राचं अनुदान सातबाऱ्यावर मिळतं, सातबारा बाप्याच्या नावावर, म्हणून बिलही त्याच्याच नावावर. तीनशे बारांत एकही बाई नव्हती. आणि आमच्या जुन्नर-आंबेगावात वैरण घालतं कोण? बाया. माझ्या घरी कोण घालतं? मी! सकाळी गुरांची कुट्टी करून मी कामावर यायचे आणि इथे बसून बाप्यांना विचारायचे, तोंड केवढं ठेवू. असली मी शहाणी.

बोगदा वीतभर झाला. आखूड तोंडाचं मॉडेल धडाधड खपलं. अंकितशेठने सगळ्यांना पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

चार महिन्यांनी खोडदहून सावळेराम म्हणून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "ताई, पात्याला दात पडलाय. वॉरंटीत बदलून मिळंल का?"

मी लिहायला घेतलं. "कशाने पडला? दगड गेला का आत?"

"न्हाई." तो म्हणाला, "मंडळींच्या हातात स्टीलचं कडं व्हतं."

मी खोदून खोदून विचारलं. महिना होत आला होता त्याला. एवढे दिवस का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडलेच. तो म्हणाला, "दवाखान्यातच व्हतो की. आन् यंत्राची काय तक्रार न्हाई, ताई. हात तिनंच घातला." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मी अंकितशेठला सांगितलं. पोरगा पांढराफटक पडला. म्हणाला, "त्यांना जुना लांब बोगदा बसवून द्या. फुकट." बाकीच्या यंत्रांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "एका तक्रारीवर मॉडेल कसं बदलू? अजून येऊ देत." अजून येऊ देत! मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि गोरखभाऊ खोडदला गेलो. सावळेरामची बायको गोजरबाई गोठ्याच्या दारातच उभी होती. उजवा हात मनगटापाशी संपलेला, वर पांढरी पट्टी. पदराखाली झाकायचीही तिने तसदी घेतली नव्हती. "या, ताई. चा टाकू का?" म्हणाली. मला तोंड वर करवेना.

गोरखभाऊंनी पातं बदललं आणि लांब बोगदा बोल्टने घट्ट बसवला. सावळेराम म्हणाला, "बसवा. आता म्या काय बोलत न्हाई." मला जरा हायसं वाटलं. निदान हिचा राहिलेला हात तरी वाचला.

गोजरबाईने बटण दाबलं. डाव्या हाताने घासाची पेंढी उचलून बोगद्यात सारली. पेंढी मधेच पसरली. दुसऱ्या हाताने आवळून धरल्याशिवाय ती पुढे सरकेना. तिने काढली, परत घातली. परत अडकली. तिसऱ्या खेपेला तिने यंत्र बंद केलं.

"ह्यो काढा," ती म्हणाली.

"अहो बाई, ह्यानेच हात वाचतो!"

"कळतंय की मला. पन ह्याला दोन हात लागत्यात."

मी सावळेरामवर उखडले. "मग तुम्ही घाला की!"

गोजरबाईच म्हणाली, "त्यांनी घातली दोन दिस. पन माळवं घिऊन फाटंच नारायणगावच्या बाजाराला जावं लागतं. तोवर गुरं थांबत्यात व्हय?"

मी वही काढली. तीनशे बारा जणांना विचारलेला प्रश्न मी पहिल्यांदा बाईला विचारला. "गोजरबाई, यंत्रात काय बदलून पाहिजे तुम्हाला?"

"मला इचारता?" तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे, चांगलं नीट बघून घेतलं.

"तोंड आखूडच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आन् बटण तेवढं पायापाशी आणा. ह्यो हात गुतला, तर बंद कराया दुसरा न्हाई."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

गोरखभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि पाना उचलला. एकेक करून चारही बोल्ट त्यांनी सोडवले. मी थांबवलं नाही.