गाडीचा मागचा अर्धा भाग

शेवटी गाडीचे फक्त मागचे दोन टायर बदलले, पुढचे होते तसेच राहिले, आणि अकरा महिन्यांनी थोरला धाकट्याशी दोन शब्द बोलला. यातलं काहीही झालेलं नाही असं घरात ठरलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

तर, काहीही झालेलं नव्हतं तेव्हा धाकटा टायरच्या दुकानात येरझाऱ्या घालत होता. बसायला तीन खुर्च्या होत्या. तिन्हींवर बसून, उठून, त्या जागेवरून सरकवून आणि पुन्हा जागेवर लावून झालं होतं.

गाडी वडिलांची. लाल स्पोर्ट्स कार, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की आत शिरताना आपण बसतोय की पडतोय हे शेवटपर्यंत कळायचं नाही. जाण्याआधी त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘गाडी दोघांना अर्धी अर्धी.’ लांबीने की रुंदीने, हे लिहायचं राहून गेलं. उभी वाटली तर स्टिअरिंग एकाकडेच जाणार, म्हणून भावांनी ती आडवी वाटली. स्टिअरिंग तरीही एकाकडेच गेलं, पण हे लक्षात येईपर्यंत दारांच्या मागे काळी चिकटपट्टी लावून झाली होती. पुढचा भाग थोरल्याचा. मागचा भाग, इंजिनासकट, धाकट्याचा. चालवायची एक दिवस याने, एक दिवस त्याने. दोन्ही सीट पट्टीच्या पुढे आल्यामुळे धाकटा स्वतःच्या पाळीलाही दादाच्या हद्दीत बसूनच स्वतःचं इंजिन चालवायचा.

पट्टी वाकडी लागली, यावरून बिनसलं. तेव्हापासून अबोला, आणि मध्ये वहिनी.

“वहिनी, दादाला सांगा काच पुसायला.”

“अहो, भावजी म्हणतायत काच पुसा.”

“त्याला म्हणावं, माझ्या काचेतून माझी धूळ दिसते. त्याला काय त्रास?”

आता या गाडीत जोर सगळा मागच्या चाकांवर. त्यामुळे झिजायचे ते धाकट्याचे टायर. रबराखालच्या तारा दिसायला लागल्या होत्या. थोरल्याच्या टायरांवरची नक्षी मात्र शाबूत होती. थोरला याला संस्कार म्हणायचा.

“चारही बघून घेऊ का?” टायरवाल्याने सुरुवातीलाच विचारलं होतं. कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर कशाचंही आश्चर्य न वाटण्याची सवय असलेला माणूस.

“मागचे दोनच. पुढे माझी हद्द नाही.”

“बरं,” टायरवाला म्हणाला होता.

त्याने जुने टायर रिमवरून उतरवून भिंतीशी टेकवले. चारही टायर वडिलांनीच एकदम घातलेले. धाकट्याने भिंतीकडे पाठ केली आणि फॅन बेल्टची जाहिरात दोनदा वाचली. नव्या टायरांना साबणाचं पाणी लागलं, हवा भरताना फाट्‌ फाट्‌ आवाज करत ते रिमवर बसले, चाकं गाडीला लागली. मग टायरवाला पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि तिथेच राहिला.

“भाऊ, हे पुढचे कुणाचे?”

“दादाचे.”

“हे चार आकडे बघा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. सात वर्षं झाली. नक्षी आहे, पण रबर मेलंय. नखाने दाबून बघा.”

धाकट्याने हद्द ओलांडून नख दाबलं. नखच दुखलं.

“आता मागे नवी पकड आणि पुढे लाकूड,” टायरवाला म्हणाला. “ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग वळेल, गाडी वळणार नाही.”

“मग कुठे जाईल?”

“समोर जे असेल तिथे.”

उद्या थोरल्याची पाळी होती.

धाकट्याने वहिनीला फोन लावला.

“भावजी, निरोपांचं दुकान आजपासून बंद,” वहिनी म्हणाली. “अकरा महिने मी तुमचंच बोलतेय. माझं स्वतःचं किती साठलंय! तुमचं तुम्ही सांगा.” फोन बंद.

धाकटा गाडीभोवती तीनदा फिरला. सांगायचं काय? तुझे टायर मेलेत म्हणावं, तर दादाला ऐकू येणार, बाबांचे टायर मेलेत. न सांगावं, तर उद्या पहिल्याच वळणावर दादा सरळ. त्याने थोरल्याला फोन लावला. थोरल्याने उचलला. दोघांपैकी कुणीच बोलेना. मागे टायरवाल्याच्या मशीनने नट आवळण्याचा खडखडाट केला, तेवढाच काय तो संवाद.

वीस मिनिटांत थोरला दुकानात हजर. घरचीच चप्पल, तीही दोन वेगवेगळ्या जोडांमधली.

“याला विचारा, काय झालं,” तो टायरवाल्याला म्हणाला.

“मला मध्ये घेऊ नका साहेब, मी टायरवाला आहे. पुढचं रबर मेलंय.”

“बाबांनी घातलेत ते.”

“हो. सात वर्षांपूर्वी.”

“बाबा चपला घेतानाही दुकानदाराला तासभर छळायचे. टायर उगाच घेतले असतील?”

“घेतले तेव्हा चांगलेच होते, साहेब.”

थोरल्याने नख दाबलं. मग दुसरं दाबलं. मग अंगठा.

“दादा,” धाकटा म्हणाला. आवाज इतका फाटला की टायरवाल्याला हवा सुटल्यासारखं वाटून त्याने वळून पाहिलं. “उद्या चालवू नकोस ना. माझी पाळी पण घे, वर्षभर घे, पण यांच्यावर नको.”

थोरल्याचा अंगठा टायरवरच होता.

“बदलून टाकू का हे दोन?” टायरवाल्याने हळूच विचारलं.

“नाही.”

“मग चालवणार?”

“नाही.”

“साहेब, गाडी इथे ठेवली तर माझी जागा अडते.”

“वर कळवतो,” थोरला म्हणाला. वर म्हणजे कुठे, हे टायरवाल्याने विचारलं नाही. थोरला बुटक्या गाडीत पडला, म्हणजे बसला. शेजारच्या सीटवर धाकटाही पडला. चाकांच्या तपासणीचा छापील कागद थोरल्याने उलटा केला, पेन काढलं, कागदावर टेकवलं. एक ठिपका उमटला, पुढे काही नाही. त्याने कागद आणि पेन शेजारी सरकवलं.

“तू लिही.”

त्यापुढे तो जे बोलला ते सगळं कार्यालयाशी, त्यामुळे ते त्या दोन शब्दांत मोजायचं नाही. धाकट्याने उतरवून घेतलं ते असं:

प्रति, वाहन नोंदणी कार्यालय. विषय: पुढील दोन टायरांच्या वयाबाबत. महोदय, सदर टायर आमच्या वडिलांनी स्वतः निवडून, स्वतः उभे राहून बसवून घेतलेले आहेत. त्यांवरील सालाचा आकडा आम्ही दोघांनी समक्ष तपासला असून तो बरोबर आहे. कार्यालयाचे उत्तर येईपर्यंत वाहनाचा कोणताही अर्धा भाग जागचा हलवला जाणार नाही. तरी सदर टायर ज्या दिवशी बसवले त्याच दिवसाचे आहेत असे कार्यालयाने जाहीर करावे, आणि तसे रबराला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.