नाथाजींच्या मुशीतले हरिण

मी एक जुनी सोन्याची लगड आहे. हसू नका मित्रांनो, पूर्वी मी अशी बेढब नव्हते. दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीत पाडलेले मी क्रुगरँड नावाचे नाणे होते. माझ्या एका बाजूला उड्या मारणारे हरिण होते. अंगावर किंमत मात्र नव्हती, फक्त सोने किती ते कोरलेले. बाजार म्हणेल ते माझे मोल! चौऱ्याहत्तर साली जगभर माझा भाव गगनाला भिडला, दोन वर्षांत आपटला आणि पुन्हा चढत सुटला.

एका खलाशाने मला कोइमतूरला, मूळच्या विटा गावच्या नाथाजींच्या दुकानात आणून टाकले. सोने गाळणे हा नाथाजींचा धंदा. पण माझे हरिण पाहून त्यांचा हात थांबला. घोडेस्वाराचे एक आणि गरुडाचे एक नाणे त्यांनी असेच राखले होते. आम्ही तिघे त्यांच्या पानाच्या डब्यात राहू लागलो. रोज दुपारी ते आम्हाला तळहातावर घेत. मला फार सुख वाटे.

पण चोरट्या वाटेने आलेले सोने बाळगणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. एकोणऐंशी साली जत्रेला नाथाजी आम्हाला विट्याला घेऊन आले, तेव्हा गावात झडत्यांचीच कुजबुज होती. त्यांच्या पत्नी बनुबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"आवं, गाळून टाका ती. तुमाला धरून नेलं तर आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

शेवटी परसात भट्टी पेटली. सोने वितळवायची मूस लालभडक झाली. नाथाजी आम्हाला मुठीत घेऊन नुसते बसून राहिले. मूठ घामाने भिजली होती. मनात मी सारखी म्हणत होते, नका हो, नका!

इतक्यात दारात जीप थांबली. खाकी कपड्यांतला एक माणूस ओरडला, "घरातलं समदं सामान भायेर काढा! एक भांडंसुदिक आत ठिवू नका!"

नाथाजींची मूठ मुशीवर उघडली. वर त्यांनी सोने लवकर वितळावे म्हणून सवागीची पूड टाकली आणि जीव खाऊन भाता मारला. हरिण, घोडा, गरुड, सारे एकमेकांत विरघळले.

बनुबाई धापा टाकत परसात आल्या. "आवं, हिवतापवालं हायती! डासांचं औषिद मारायला आल्यात!"

नाथाजींनी भाता सोडून दिला. मी थंड झाल्यावर त्यांनी मला काट्यात घातले.

"वजन तर तेवढंच हाय की," बनुबाई हळूच म्हणाल्या.

"व्हय. पन ह्यात हरिण कुटं हाय, दाव बरं मला."

बनुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नाथाजींनी माझा दागिना कधीच घडवला नाही. दुकानात येणारे लोक मला हातात घेतात, भाव विचारतात आणि परत ठेवतात.

मित्रांनो, सोने पुन्हा मिळते, त्यावरची कारागिरी मिळत नाही. जीव घाबरा झाला की हात फार लवकर चालतात. तेव्हा एवढेच करा, दारात कोण आले आहे ते तरी आधी बघा.